विचारून धरलेला हात

गेल्या महिन्यातली एका शनिवारची रात्र. गंगापूर रोडजवळच्या एका इमारतीचा दुसरा मजला. पंचविशीतल्या एका मुलाने साधारण माझ्याच वयाच्या एका बाईंना विचारलं, "नाचायचं का?" त्या म्हणाल्या, "आत्ता नको." तो "बरं" म्हणाला आणि भिंतीशी जाऊन पाण्याची बाटली उघडून उभा राहिला. गाणं चालू राहिलं. कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही, कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कारण दिलं नाही आणि त्याने मागितलं नाही.

मी ४६ वर्षांची आहे. नाशिकमध्येच जन्मले, इथेच शिकले, अंबडच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते. एका बाईने चारचौघांत पुरुषाला 'नको' म्हटलं आणि त्यानंतर काहीच घडलं नाही, असं या शहरात मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. साल्सा या जोडीने नाचायच्या लॅटिन अमेरिकी नाचाच्या त्या खोलीत ते तासाला दहा वेळा घडतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की हा नाच पैसे मोजून शिरायच्या जागांतून बाहेर काढावा आणि शहराच्या सार्वजनिक सभागृहांत आणावा.

आधी तिथे काय होतं ते सांगते, कारण 'साल्सा नाइट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. नाचणारे त्याला नुसतं 'सोशल' म्हणतात. तिथे स्टेज नसतं, प्रेक्षक नसतात, बक्षीस नसतं. पहिला तास नवख्यांचा वर्ग. दोन रांगा समोरासमोर, एकीत लीड करणारे, दुसरीत फॉलो करणारे. शिक्षक मोजतो, "वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन." चार आणि आठ तोंडाने म्हणत नाहीत, तिथे पाऊल थांबतं. आधी बेसिक, म्हणजे मूळ पावलं, मग राइट टर्न, मग क्रॉस बॉडी लीड, म्हणजे लीड करणाऱ्याने बाजूला होऊन समोरच्याला वाट द्यायची आणि दोघांनी जागा बदलायच्या. दर दोन-तीन मिनिटांनी शिक्षक ओरडतो, "पार्टनर बदला," आणि एक रांग एक घर पुढे सरकते. तासाभरात दहा-पंधरा अनोळखी हात आपल्या हातात येऊन गेलेले असतात. काही ओले, काही बर्फासारखे, काही इतके घट्ट की बोटं दुखावीत.

मग दिवे मंद होतात आणि फ्लोअर मोकळा होतो. विचारायचं, एक गाणं नाचायचं, आभार मानायचे आणि जिथून आणलं तिथे सोडून यायचं. फार तर दोन गाणी, मग दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. चालू नाचात कुणाला शिकवायचं नाही, चुका दाखवायच्या नाहीत. जास्तीचा शर्ट आणि टॉवेल सोबत ठेवायचा. हे नियम कुठे लिहून लावलेले नसतात, पण महिनाभरात अंगात मुरतात.

यातल्या 'लीड' या शब्दाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, माझाही होता. पुरुष नाचवतो आणि बाई नाचते, असं बाहेरून दिसतं. प्रत्यक्षात लीड करणारा हाताच्या हलक्या दाबाने एक दिशा सुचवतो. समोरचीने त्या दिशेला वजन टाकलं तर वळण घडतं. तिने टाकलं नाही, तर त्याला मुकाट्याने बेसिकवर परतावं लागतं आणि पुढच्या आठ मात्रांत काहीतरी वेगळं सुचवावं लागतं. ढकललं की नाच मोडतो, आणि तो मोडला हे दोघांनाही त्याच क्षणी कळतं. म्हणजे एका गाण्यात हा माणूस पन्नास वेळा विचारतो आणि पन्नास वेळा उत्तराची वाट पाहतो. आता कित्येक बायका लीड शिकतात, कित्येक पुरुष फॉलो शिकतात. मी दोन्ही शिकते आहे. लीड करायला लागल्यावरच मला कळलं, की समोरच्याच्या 'हो'ची अर्धा क्षण वाट पाहणं ही किती मोठी शिस्त आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे, तो ढोल पथकात ताशा वाजवतो. साल्साच्या संगीतात क्लावे नावाची एक चौकट असते. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर वाजवून धरलेले पाच ठोके, चार-चार मात्रांच्या दोन मापांत तीन आणि दोन असे वाटलेले. बाकीची सगळी वाद्यं तिच्या आधाराने चालतात. आम्हाला ती ऐकू यायला तीन महिने लागले, त्याला पहिल्याच दिवशी ऐकू आली. ज्या शहराच्या नावाने ढोल ओळखला जातो, तिथल्या कानाला हे अवघड जाऊ नयेच.

नाशिक नाचतं, भरपूर नाचतं. गणपती विसर्जनाला नाचतं, वरातीत नाचतं, नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळतं. ढोल पथकांत आता मुली कमरेला ढोल बांधून पुढे चालतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण वरातीत डीजेचा आवाज वाढला आणि पुरुषांचा घोळका दाटला, की बायका आपोआप रस्त्याच्या कडेला सरकतात आणि दुसऱ्यांच्या पर्सा, चपला, मुलं सांभाळत उभ्या राहतात. त्यांना कुणी जा म्हणत नाही. त्या घोळक्यात धक्का लागला तर तो चुकून लागला की मुद्दाम, हे विचारायची सोय नसते, एवढं त्यांना ठाऊक असतं.

मुली आपल्याकडे नकार द्यायला शिकतच नाहीत. त्या निमित्तं शिकतात. "पाय दुखतोय." "भाऊ घ्यायला येतोय." "उद्या पेपर आहे." मीही वीस-पंचवीस वर्षं अशी निमित्तं पर्समध्ये ठेवून फिरले, कारण नुसतं 'नको' पुरत नाही. त्यापुढे 'का?' येतं, मग 'समजतेस कोण स्वतःला?' येतं, आणि कधी कधी त्याहून वाईट काही. मुलंही नकार घ्यायला शिकत नाहीत, कारण तो नुसता सहन करायचा असतो, त्याचा सूड घ्यायचा नसतो, हे त्यांना दाखवणारी जागाच नाही. शाळेत वेगळे बाक, कॉलेजात वेगळे कट्टे, आणि मग एकदम लग्न. जोडीच्या नाचात एक जुना संकेत होता, की एकाला नाही म्हटलं तर त्या गाण्याला दुसऱ्या कुणाबरोबर नाचायचं नाही, म्हणजे पहिल्याचा अपमान होत नाही. आता बऱ्याच ठिकाणी तो सोडून दिला आहे. बरं झालं. नकार देणारीने शिक्षा म्हणून बसून राहायचं, यात कसली सभ्यता?

मला ऑफिसात हमखास येणारा प्रश्न, "मिस्टरांना चालतं का?" मी त्यांना विचारून जात नाही, सांगून जाते. शेजारच्या काकूंचा प्रश्न जास्त प्रामाणिक होता. "अगं, परक्या माणसाच्या हातात हात देताना कसंसं होत नाही का? आपल्यात असं नाही गं."

काकूंशी मी वाद घातला नाही, पण 'आपल्यात' म्हणजे कुणात, हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. आमच्या कारखान्यात पॅकिंगला सुरगाण्याकडची एक मुलगी आहे, कोकणा या आदिवासी समाजाची. मी तिला एकदा वर्गाला घेऊन गेले. पहिल्या तासाला आम्ही सगळे हात कसा धरावा यावर अडलो होतो, ती नव्हती अडली. रिक्षात मी तिला विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडं पावरी वाजायला लागली की बायका-माणसं धरूनच नाचतात, मॅडम. तुम्हालाच लाज वाटते." याच जिल्ह्यात, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत, पावरी आणि तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यांवर बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात गुंफून फेर धरतात. वाजवणारा वळला की सगळी साखळी वळते. तेव्हा 'आपल्यात नाही' हे वाक्य नाशिक शहरातल्या काही पेठांपुरतं आणि कॉलन्यांपुरतं खरं आहे, जिल्ह्यापुरतंही खरं नाही. गरबा तरी आपला कुठे होता? एका पिढीत तो मराठी कॉलन्यांच्या मैदानांत आला आणि काकूंच्या सुना हौसेने घागरे शिवून घेऊ लागल्या. तो गुजरातचा आहे, युनेस्कोने २०२३ साली त्याला जगाचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवलं, आणि तरीही तो आपला झाला.

ती मुलगी दोनदा आली, मग थांबली. मी तिला कारण विचारलं नाही, पण मला ठाऊक आहे. सोशलचा प्रवेश ५०० रुपये होता, त्यातले काही खाण्यापिण्याच्या कुपनाचे. वरून रात्रीची रिक्षा. आमच्या वर्गात इतक्या सहज नाचणारी दुसरी कुणी नव्हती. जिला परक्याच्या हातात हात देण्याची शरम नव्हती, तिला दारावरचा आकडा आडवा आला.

हे मला फार लागलं, कारण साल्सा जन्मला तो तिच्यासारख्यांतच. क्यूबाच्या पूर्व भागातलं 'सोन' हे गाणं-नाचणं त्याचं मूळ. स्पॅनिश गिटार आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे ढोल त्यात एकत्र आले. क्यूबात गुलामगिरी संपली ती १८८६ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. पुढे न्यू यॉर्कमध्ये पोर्तो रिकोहून आणि क्यूबाहून आलेल्या स्थलांतरितांच्या वस्त्यांत, पूर्व हार्लेममध्ये आणि ब्राँक्समध्ये ते सगळं पुन्हा मिसळलं. जॉनी पाचेको आणि जेरी मसुची यांनी १९६४ मध्ये फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली, आणि सत्तरच्या दशकात 'साल्सा' हे नाव रूढ झालं. त्याच्याही आधी, ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये १९४८ पासून १९६६ पर्यंत मॅम्बो, म्हणजे साल्साचा पूर्वज, नाचला जायचा. माचितो, टिटो पुएंते, टिटो रॉड्रिगेझ यांचे वाद्यवृंद तिथे वाजायचे आणि काळे, गोरे, पोर्तो रिकन, ज्यू, इटालियन एकाच फ्लोअरवर असायचे. अमेरिकेत सार्वजनिक जागांतला वर्णभेद कायद्याने बंद झाला तो १९६४ साली. त्या फ्लोअरवर तो आधीच कुणी पाळत नव्हतं. हवानामध्ये श्रीमंतांचे समुद्रकाठचे खासगी क्लब होते. १९५९ च्या क्रांतीनंतर ते कामगारांची सामाजिक केंद्रं झाले आणि जोड्यांनी गोल करून नाचायचा 'रुएदा' तिथे सगळ्यांचा झाला. खासगी क्लबातून सार्वजनिक सभागृहात जाण्याचा रस्ता या नाचाने एकदा चाललेला आहे. आपल्याकडे मात्र तो उलट्या टोकाला येऊन बसला.

कोण कोणाला स्पर्श करू शकतो, हा प्रश्न नाशिकला नवा नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी इथे सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही याच जिल्ह्यात, येवल्यात. त्या लढ्याच्या शेजारी मी शनिवार संध्याकाळचा नाच ठेवत नाही, ठेवूही नये. पण मी या शहरात वाढले आहे, आणि नव्या माणसाची ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला आडनाव कसं विचारलं जातं ते मला माहीत आहे. सोशलमध्ये गेलं वर्षभर मी ज्यांच्याबरोबर नाचले, त्यातल्या निम्म्यांची आडनावं मला आजही ठाऊक नाहीत. नाव विचारलं जातं ते गाणं संपल्यावर, आणि पहिलं नाव पुरतं. फ्लोअरवर कुणी न विचारलेला प्रश्न दारावरचं तिकीट विचारतं, एवढंच माझं दुखणं आहे.

नाचाला ऐपतीप्रमाणे तोलणं ही आपल्या राज्याची जुनी सवय आहे. २००५ साली डान्स बारवर बंदी आली तेव्हा कायद्यात दोन कलमं होती. एकाने परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद केला, दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना आणि क्लबांना सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जी बंदी रद्द ठरवली, तिच्यातला हा भेदभाव हेच एक मोठं कारण होतं. तो नाच निराळा, बघणाऱ्यांसाठी केलेला. पण आपल्या मनात 'नाच' आणि 'परवाना' आणि 'दारू' यांची जी गाठ पक्की बसली, तिच्यामुळे आजही एखाद्या कॉलनीत "सभागृह साल्सासाठी हवं आहे" म्हटलं की समितीतले काका आधी दाराकडे बघतात. मला हा अनुभव आला आहे. त्याच सभागृहात साखरपुडे होतात, वाढदिवस होतात, रात्री डीजे लावून सगळे नाचतात. आमच्या अर्जात 'साल्सा' होता, म्हणून तो परत आला.

मग नाचणारे जातात कुठे? जिथे बार आहे तिथे, कारण तिथे कुणी प्रश्न विचारत नाही. आणि मग लोक म्हणतात, बघा, हे लोक बारमध्ये जातात.

यातली सर्वांत अवघड गोष्ट मी टाळणार नाही. जिथे स्पर्श आहे, तिथे त्याचा गैरफायदा घेणारेही येतात. एका रात्री एका माणसाने माझ्या पाठीवरचा हात जिथे असायला हवा तिथून खाली नेला. मी गाण्याच्या मध्येच हात सोडवून निघाले. आयोजकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, ते जुने मेंबर आहेत, तसे नाहीत ते." म्हणजे नियम फ्लोअरवर होता आणि दाराशी नव्हता. जगभरच्या साल्साच्या गटांत हा प्रश्न आहे, आणि शिक्षकाच्या हातात शिष्यांवरची जी सत्ता येते तिच्यामुळे तो आणखी गंभीर होतो. ज्या आया मुलींना पाठवायला कचरतात, त्यांच्या भीतीला मी मागासलेपणा म्हणणार नाही. पण माझा निष्कर्ष त्यांच्यापेक्षा वेगळा निघतो. खासगी जागेत आयोजक हाच मालक, हाच न्यायाधीश, आणि जुना मेंबर हे त्याचं उत्पन्न. सार्वजनिक सभागृहात तक्रार घेणारी व्यक्ती वेगळी नेमता येते, तिचं नाव आणि नंबर दारावर लावता येतो, आणि दोन तक्रारी आल्या की प्रवेश बंद, असा नियम करता येतो. दिवे पुरेसे लावता येतात. अंधार हा साल्साचा भाग नाही, तो बारचा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. वॉर्डावॉर्डांतली सभागृहं आणि समाजमंदिरं लग्नाच्या तिथी सोडल्या तर संध्याकाळी बऱ्याचदा बंद असतात. त्यांतलं निदान एक, आठवड्यातून एक संध्याकाळ, सात ते दहा, जोडीच्या नाचासाठी द्यावं. दारू नाही. भाडं विजेच्या खर्चापुरतं, म्हणजे माणशी तीस-चाळीस रुपयांत भागेल. आवाजाचं म्हणाल, तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे आणि बंदिस्त सभागृहातल्या आतल्या वापराला त्यात सवलत आहे. तरी आम्ही दहाला थांबू, कारण बायकांना घरी जायचं असतं. चार-पाच जणींनी एका दिशेची रिक्षा करायची, हे आम्ही आत्ताही करतो. आणि साल्साच हवा असंही नाही. एका शनिवारी पावरी वाजवणाऱ्यांना बोलवा आणि फेर धरायला आम्हाला शिकवा. त्या मुलीने आम्हाला शिकवावं आणि त्याचं मानधन घ्यावं.

ज्येष्ठ नागरिक संघांनाही मी हे सांगते आहे. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा अभ्यास आला होता, योगायोगाने तोही ब्राँक्समधलाच. त्यात शारीरिक हालचालींपैकी फक्त नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. पण आमच्या वर्गात पासष्टीचे एक काका येतात, पत्नी गेल्यावर दीड वर्षाने यायला लागले. ते मला म्हणाले, "हाताला हात लागून किती दिवस झाले होते, ते इथे आल्यावर मोजलं." जॉगिंग ट्रॅक आपण त्यांना दिले, ग्रीन जिम दिली. तिथे प्रत्येक जण आपापला एकटा चालतो.

मागच्या रविवारी मी इंदिरानगरमधल्या एका सभागृहात गेले होते, एका बारशाला. जेवणं आटोपली, पंगतीच्या टेबलांवरचे कागद गोळा झाले, बायका बाळाजवळ बसल्या. कोपऱ्यात रखवालदार दादा खुर्च्या रचत होते. मी चपला काढल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत एक बेसिक केलं, मग एक राइट टर्न. जुनी मोझॅकची फरशी आहे, वर्षानुवर्षं पुसून गुळगुळीत झालेली. पाय अडखळत नाही आणि घसरतही नाही. रखवालदार दादांनी विचारलं, "काय बघताय, ताई?" मी म्हटलं, "फरशी." ते म्हणाले, "चांगली आहे. शनिवारी रिकामंच असतं."